अर्चा आणि ‘तावत्’ : एकादश स्कंधांतील पूजाविधीचा अर्थनिर्णय

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाचा सत्ताविसावा अध्याय क्रियायोगाचा, म्हणजे देवपूजेचा, अध्याय म्हणून प्रसिद्ध आहे. या स्कंधावरील एकनाथमहाराजांची ओवीबद्ध टीका महाराष्ट्रांत घरोघर पोंचली, आणि त्या टीकेबरोबर हा पूजाविधीहि पोंचला. जुने रुमाल सोडणाऱ्यांना या ग्रंथाचे सुटे अध्याय भेटतात ते नवल नाहीं. परंतु अध्याय सुटा झाला कीं अर्थहि सुटा होतो, आणि मग एक जुना वाद पुनः उभा राहतो : मुमुक्षूनें मूर्तीची पूजा कोठपर्यंत करावी? एक पक्ष म्हणतो कीं अर्चा ही अज्ञ जनांची पहिली पायरी असून ज्ञान होतांच ती टाकावयाची असते. दुसरा पक्ष म्हणतो कीं विधीप्रमाणें केलेली पूजा हीच पुरेशी आहे, पुढें कांहीं शोधावयास नको. दोन्ही पक्ष भागवताचेंच प्रमाण देतात. आमच्या मतें दोघांचेंहि वाचन अपुरें आहे. पहिल्या पक्षाचा सगळा भार ‘तावत्’, म्हणजे ‘तोंपर्यंत’, या एका शब्दावर आहे. आणि तो शब्द ज्या अध्यायाला लावला जातो त्या अध्यायांत तो या अर्थानें मुळीं नाहींच. हेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम ग्रंथाच्या काळाविषयीं थोडें. एकनाथी भागवताच्या एकतिसाव्या अध्यायाच्या अखेरीस नाथांनीं आपल्या टीकेचा काळ आणि स्थळ स्वतःच नोंदलें आहे. ग्रंथाचा आरंभ प्रतिष्ठानीं, म्हणजे पैठणास, झाला; पहिले पांच अध्याय तेथें झाले; उरलेला ग्रंथ वाराणसींत पुरा झाला. समाप्तीचा दिवस कार्तिक शुद्ध पौर्णिमा, सोमवार असा दिला आहे. काळ दोन गणनांनीं सांगितला आहे. काशीच्या रीतीनें विक्रम संवत् १६३०, संवत्सर वृष. आणि स्वदेशाच्या, म्हणजे गोदातीरींच्या, रीतीनें शालिवाहन शके १४९५, संवत्सर श्रीमुख. या तिथीस ज्युलियन गणनेची ९ नोव्हेंबर १५७३ ही तारीख येते, आणि त्या दिवशीं सोमवारच पडतो. दोन देशांचे शक, दोन संवत्सर आणि एक वार इतकीं साधनें परस्परांशीं जुळावीं हें भाग्य आपल्या जुन्या ग्रंथांपैकीं थोड्यांच्याच वांट्यास आलें आहे.

संग्राहकांनीं येथें एका गोष्टीची सावधगिरी ठेवावी. उत्तरेंत संवत्सराचें नांव गुरूच्या गतीवरून घेतात व सुमारें पंचाऐंशी वर्षांनीं एक नांव गाळतात. दक्षिणेंत तसा लोप करीत नाहींत. त्यामुळें त्या वर्षीं उत्तरेचें चक्र दक्षिणेच्या पुढें आठ नांवें होतें. एखाद्या त्रुटित पोथीवर केवळ ‘वृष’ एवढेंच नांव उरलें असेल आणि तें दक्षिणेच्या चक्रांत बसविलें तर शके १५०३ येईल, आणि ग्रंथ आठ वर्षें अलीकडे ओढला जाईल. नाथांनीं दोन्ही नांवें दिलीं याचें कारण उघड आहे : ग्रंथ काशींत पुरा होत होता आणि वाचला जाणार होता गोदातीरीं. तो दोन्हीकडे ओळखला जावा अशी त्यांची इच्छा दिसते. पाठाविषयीं व काळाविषयीं इतका दक्ष असलेला हाच पुरुष पुढें अकरा वर्षांनीं, शके १५०६ तारण संवत्सरीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्यास बसला आणि तींत पदरची ओवी घालणारास त्यानें कडक शब्दांत बजावलें. असा टीकाकार मूळ श्लोकांतील ‘तोंपर्यंत’ यासारखा शब्द सहजासहजीं इकडचा तिकडे करील असें मानतां येत नाहीं.

भागवताचा अभ्यास या प्रांतास नाथांपूर्वीं अपरिचित होता असें मात्र नव्हे. यादवांच्या दरबारांत हेमाद्रीच्या आश्रयानें बोपदेवानें भागवतांतील श्लोकांची निवड करून ‘मुक्ताफल’ रचलें, ‘हरिलीला’ रचली. आणि मुक्ताफलावरील ‘कैवल्यदीपिका’ टीका हेमाद्रीच्या नांवावर आहे. ज्या देवगिरीवर हें घडलें त्याच दुर्गावर तीनशें वर्षांनीं जनार्दनस्वामी होते, आणि तेथेंच नाथांनीं त्यांची सेवा केली. फरक एवढाच कीं बोपदेवाची निवड संस्कृत जाणणाऱ्यांसाठीं होती. नाथांनीं प्राकृताचा कैवार ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत घेतला आहे. पूजाविधीच्या बाबतींत या फरकाला विशेष महत्त्व आहे, तें असें.

सत्ताविसाव्या अध्यायाचा आरंभ उद्धवाच्या प्रश्नानें होतो. तो नुसता ‘पूजा कशी करावी’ असें विचारीत नाहीं. नारद, व्यास, बृहस्पति या मुनींनीं हेंच मनुष्याच्या कल्याणाचें साधन म्हणून सांगितलें. ब्रह्मदेवानें भृगु आदि पुत्रांस आणि शंकरानें देवीस हेंच सांगितलें. सर्व वर्णांस व सर्व आश्रमांस हें संमत आहे, आणि स्त्रियांस व शूद्रांसहि हें उत्तम श्रेयस्कर आहे असें मी मानतों, असें तो म्हणतो. नंतर जो शब्द तो वापरतो तो डोळ्यांआड करण्यासारखा नाहीं : कर्माच्या बंधांतून सोडविणारा जो हा विधि, तो मला सांगावा. म्हणजे अर्चा आणि मोक्ष यांची गांठ प्रश्नकर्त्यानेंच प्रथम घातली आहे, आणि भगवंतांनीं ती सोडविलेली नाहीं. ज्या साधनाचा अधिकार सर्वांस, त्याचें विवरण सर्वांच्या भाषेंत असावें हें ओघानेंच येतें. नाथांची मराठी ही या प्रश्नाची जणूं दुसरी बाजू आहे. संस्कृतांतच राहिलेला पूजाविधि उद्धवाच्या वाक्यांतील अर्ध्या लोकांस कधींच कळला नसता.

उत्तराचा आरंभ मोठा मार्मिक आहे. कर्मकांडास अंत नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों, असें भगवान् म्हणतात. आणि मग पुष्कळच सांगतात. पूजा तीन प्रकारची : वैदिक, तांत्रिक आणि मिश्र. पूजेचीं स्थानें : मूर्ति, स्थंडिल, अग्नि, सूर्य, जल, हृदय आणि ब्राह्मण. मूर्तीचे प्रकार आठ : शिळेची, लांकडाची, धातूची, लेपाची, चित्राची, वाळूची, मनाची आणि रत्नाची. स्थिर मूर्तीस आवाहन-विसर्जन नाहीं. चल मूर्तीस असावें किंवा नसावें. स्थंडिलावर तें दोन्ही असावें. लेपाच्या व चित्राच्या मूर्तीस स्नान घालूं नये, नुसतें पुसावें. ही शेवटची सूचना वाचली म्हणजे सांगणाराचें लक्ष व्यवहाराकडे किती होतें तें दिसतें. चित्रावर पाणी ओतणारा भक्त त्या काळींहि असावा!

पुढें आसन, न्यास, पाद्य-अर्घ्य-आचमनाचीं पात्रें, अष्टदल कमळ, आयुधें, नंद-सुनंदादि पार्षद, गरुड, दुर्गा, विनायक, व्यास, विष्वक्सेन अशी मांडणी येते. स्नानाच्या पाण्यांत चंदन, वाळा, कापूर, केशर, अगरु. नैवेद्यांत गुळाची खीर, तूप, पुऱ्या, अपूप, मोदक, दहीं, वरण. ज्यास हें रोज शक्य नाहीं त्यानें तें पर्वकाळीं करावें. होम, जप आणि नंतर घटकाभर गाणें, नाचणें, भगवंताच्या लीलांचें अनुकरण करणें, कथा ऐकणें व ऐकविणें. प्राकृत स्तोत्रांसहि येथें जागा आहे. केवळ पौराणिक स्तोत्रांनींच स्तवन करावें असें बंधन नाहीं. महाराष्ट्रांतील कीर्तनाच्या परंपरेस मूळ संस्कृतांत इतका स्पष्ट आधार दुसरीकडे मिळणें कठीण.

आतां या सर्व सामग्रीच्या मध्यें दोन वाक्यें अशीं आहेत कीं त्यांनीं सामग्रीचा दिमाख उतरतो. एक : निष्कपट भक्तास जें सहज मिळेल तेंच द्रव्य पुरे, आणि मनांतल्या मनांत केलेली भावपूजाहि चालते. दुसरें : भक्तानें श्रद्धेनें दिलेलें नुसतें पाणीहि मला प्रिय, आणि अभक्तानें पुष्कळ दिलें तरी त्यानें मला संतोष होत नाहीं. जो पूजाविधीच्या याद्या उतरून घेतो त्यानें हीं दोन वाक्यें वगळलीं तर त्याच्या हातीं स्वयंपाकघराची यादी तेवढी राहते. दुसऱ्या पक्षाचें, म्हणजे विधीवरच थांबणाऱ्यांचें, समाधान येथेंच अपुरें ठरतें.

अध्यायाचा शेवट इतिहाससंशोधकांस विशेष परिचयाचा वाटेल. पूजा चालू राहावी म्हणून दृढ मंदिर बांधावें, फुलबाग करावी, आणि नित्याच्या पूजेसाठीं व पर्वांच्या उत्सवांसाठीं शेतें, बाजार, पुरें व गांवें नेमून द्यावीं असें तेथें सांगितलें आहे. देवस्थान-इनामाच्या सनदेचा आराखडाच हा. नैवेद्य, नंदादीप, उत्सव, आणि त्यांच्या खर्चास जमीन किंवा पेठेचें उत्पन्न, हा जो क्रम आपण दप्तरांत पाहतों तो येथें उपदेशाच्या रूपानें आहे. त्यापुढें फलश्रुति : मूर्तीच्या प्रतिष्ठेनें सार्वभौमत्व, मंदिर बांधल्यानें त्रैलोक्य, पूजादिकांनीं ब्रह्मलोक, तिन्हींनीं माझ्याशीं समता. आणि अगदीं अखेरीस शाप : स्वतः दिलेली किंवा दुसऱ्यानें दिलेली देवाब्राह्मणांची वृत्ति जो हरण करतो तो दहा हजारांच्या दहा हजार पट वर्षें विष्ठेंतील कृमि होतो, आणि करणारा, साह्य करणारा, चिथावणारा व संमति देणारा हे सर्व त्या फळाचे वांटेकरी होतात.

ज्यानें चार ताम्रपट वाचले आहेत त्यास हा शाप ऐकलेला वाटेल. दानपत्रांच्या अखेरीस भूमिहरणाविरुद्ध जो श्लोक शेंकडों वेळां कोरलेला आढळतो त्यांतहि स्वदत्त-परदत्ताचा भेद नाहीं आणि कृमियोनि आहे. वर्षें मात्र साठ हजार आहेत. भागवतानें तीं कितीतरी वाढविलीं, आणि गुन्ह्याच्या वांटेकऱ्यांची यादीहि जोडली. मराठी सनदांत त्याच ठिकाणीं हिंदूस गाईची व मुसलमानास सुवराची शपथ येते. आणि कोंकणांत व अन्यत्र शिलालेखांवर गधेगाळ येते. शापाची भाषा बदलली तरी तिची जागा बदलली नाहीं : दान सांगून झालें कीं शाप. पूजेचा अध्याय दानपत्रासारखा संपतो ही गोष्ट केवळ चमत्कारिक नव्हे. मूर्ति ही उत्पन्न असलेली, हक्क असलेली, लुबाडतां येण्यासारखी वस्तु झाली होती, आणि ग्रंथकारास तें पक्कें ठाऊक होतें.

परंतु फलश्रुति आणि शाप यांच्या मध्यें एक श्लोक उभा आहे. निरपेक्ष भक्तियोगानेंच मी मिळतों, असें तो सांगतो; आणि अशी पूजा करणारास तो भक्तियोग लाभतो, असेंहि सांगतो. त्याच्या मागें, विधि संपतो तेथें, आणखी एक आहे : मूर्ति इत्यादि स्थानांपैकीं जेव्हां जेथें श्रद्धा बसेल तेथें माझी पूजा करावी, कारण सर्वांचा आत्मा असा मी सर्व भूतांत आणि स्वतःच्या ठायींहि राहिलेला आहे. सार्वभौमत्व मागणाऱ्या राजानें हे दोन श्लोक ओलांडून फळापाशीं थांबावें हें स्वाभाविक आहे. टीकाकारास तसें थांबतां येत नाहीं.

आतां ‘तावत्’ शब्दाकडे वळूं. ज्ञान झाल्यावर अर्चा सोडावी या पक्षाचा मुख्य आधार तृतीय स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायांतील कपिलाचें वचन होय. स्वकर्म करणाऱ्यानें ईश्वराची मूर्ति आदि ठिकाणीं तोंपर्यंत पूजा करावी, जोंपर्यंत तो सर्व भूतांत असलेल्या मला आपल्या हृदयांत जाणत नाहीं, असा त्याचा आशय आहे. वचन सुटें घेतलें तर मुदत ठरल्यासारखी दिसते. पण त्याच्या अलीकडचे तीन-चार श्लोक पाहावे. सर्व भूतांत असलेल्या मला अव्हेरून जो मूर्ति पूजितो त्याची पूजा विडंबना आहे. तो भस्मांत आहुति टाकतो. जो प्राण्यांचा अपमान करतो त्याच्या उंची उपचारांनीं मी संतुष्ट होत नाहीं. आणि लगेच पुढें : म्हणून दानानें, मानानें, मैत्रीनें सर्व भूतांची पूजा करावी. प्रकरण चालू आहे तें भूतद्रोही पूजकाच्या निषेधाचें. तेथें ‘तोंपर्यंत’ हा शब्द पूजेची कालमर्यादा आंखीत नाहीं. ज्ञान झालें असा आव आणून पूजा टाकणाऱ्यास तो अडवितो, आणि पूजा करूनहि ज्ञान न झालेल्यास हिणवितो. ‘घर बांधून होईपर्यंत झाडाखालीं राहा’ असें कोणीं सांगितलें तर घर झाल्यावर झाड तोडावें असा त्याचा अर्थ होत नाहीं.

एकादश स्कंधांत हा शब्द आमच्या प्रश्नाशीं संबंध असलेल्या दोन ठिकाणीं येतो. विसाव्या अध्यायांत तो कर्माविषयीं आहे : वैराग्य येईपर्यंत, किंवा माझ्या कथाश्रवणादिकांत श्रद्धा उत्पन्न होईपर्यंत, कर्में करावीं. येथें थांबावयाचें आहे तें नित्यनैमित्तिक कर्म. श्रद्धा व कथाश्रवण तर तेथून सुरू होतें. दुसरें ठिकाण एकोणतिसाव्या अध्यायांत. कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव यांपर्यंत सर्वांस भूमीवर दंडवत पडून नमस्कार करावा, हंसणाऱ्या स्वजनांची व देहाच्या लाजेची पर्वा करूं नये; आणि सर्व भूतांत माझा भाव उपजेपर्यंत वाणी, मन व काया यांनीं अशीच उपासना करावी. ‘तोंपर्यंत’ जें करावयाचें तें येथें भूतमात्रास नमन आहे. मूर्तीचें नांवहि नाहीं. आणि सत्ताविसाव्या अध्यायांत, जेथें मूर्तीचें नांव पदोपदीं आहे, तेथें पूजा अमुक काळानंतर सोडावी असें सांगणारा शब्द नाहीं. अर्चा आणि मुदत हीं एकादश स्कंधांत एकत्र येतच नाहींत. तृतीय स्कंधांतील वचन आणून सत्ताविसाव्या अध्यायाच्या दारावर टांगणें हा वाचकांचा उद्योग आहे, ग्रंथाचा नव्हे.

प्रतिपक्षाच्या बाजूनें एक बळकट गोष्ट आहे व ती सांगितलीच पाहिजे. एकोणतिसाव्या अध्यायांत ‘तोंपर्यंत’च्या पाठोपाठ असें आहे कीं आत्मविद्येनें ज्यास सर्व ब्रह्मात्मक दिसूं लागलें त्यानें संशयमुक्त होऊन सर्व बाजूंनीं ‘उपरमेत्’, म्हणजे थांबावें. थांबावें म्हणजे पूजाहि थांबवावी, असें म्हणतां येईल. केवळ शब्दावर भिस्त ठेवली तर हें वाचन अशक्य नाहीं. परंतु त्याच्या पुढचाच श्लोक सांगतो कीं मन, वाणी आणि काया यांच्या वृत्तींनीं सर्व भूतांत माझा भाव ठेवणें हाच सर्व उपायांत मला मान्य असा उत्तम उपाय होय. जें टाकावयाचें तेंच सर्वोत्तम, असें एका श्वासांत कोणी सांगत नाहीं. थांबावयाचें तें कर्तेपण व संशय. वृत्ति तर चालू राहावयाच्या आहेत. याला दुसऱ्या अध्यायांतील भक्तांच्या वर्गवारीचाहि आधार आहे. जो श्रद्धेनें मूर्तींतच हरीची पूजा करतो, आणि त्याच्या भक्तांत व इतरांत करीत नाहीं, त्यास तेथें ‘प्राकृत’ म्हटलें आहे. दोष मूर्तीकडे नाहीं. दोष आहे तो ‘मूर्तींतच’ यांतील ‘च’कडे.

एकनाथांच्या टीकेकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तिची रचना समजते. श्रीधरस्वामींच्या ‘भावार्थदीपिके’चा त्यांस मोठा आधार आहे. श्रीधर हे अद्वैतमताचे संन्यासी आणि नृसिंहाचे उपासक. ज्ञान व उपासना हीं त्यांच्या ठायीं भांडत नव्हतीं. पण श्रीधरी भागवताच्या पोथ्या बहुधा त्रिपाठी लिहिलेल्या असतात : मध्यें मूळ श्लोक, वर-खालीं टीका. नाथांच्या ग्रंथांत श्लोक ओव्यांच्या प्रवाहांत येतो. शिवाय प्रत्येक अध्यायाच्या आरंभीं सद्गुरु जनार्दनाचें नमन असतें आणि अखेरीस पुढील अध्यायाकडे वाचकाचें बोट धरून नेणें असतें. मूळांत सत्ताविसावा अध्याय शापावर संपतो व अठ्ठाविसावा एकदम ‘दुसऱ्याच्या स्वभावाची व कर्माची स्तुति-निंदा करूं नये, विश्व एकात्मक आहे’ या ज्ञानोपदेशावर उघडतो. दोहोंमध्यें दरी आहे. मग एकोणतिसाव्यांत उद्धव म्हणतो कीं हा योग फार कठीण, सोपें कांहीं सांगावें. आणि उत्तरादाखल कुत्र्या-गाढवांस नमन येतें. पूजा, ज्ञान, आणि सोपें म्हणून सर्वभूतनमन : असा हा चढ आहे, पण शेवटची पायरी वर न जातां खालीं रस्त्यावर उतरते! सुटा सत्ताविसावा अध्याय बाळगणारास हें कधींच दिसणार नाहीं. म्हणून ज्या संग्राहकांपाशीं तो सुटा आहे त्यांनीं त्याची नोंद ‘पूजाविधि’ अशी करूं नये. ‘एकादश स्कंध, त्रुटित’ अशीच करावी.

नाथांच्या वाचकांनीं या तीन अध्यायांचा अर्थ काय घेतला याचा पुरावा आम्हांस चरित्रग्रंथांत दिसतो. महीपतीबोवांचा ‘भक्तविजय’ शके १६८४ चा व ‘भक्तलीलामृत’ शके १६९६ चा. म्हणजे नाथांच्या ग्रंथसमाप्तीनंतर अनुक्रमें १८९ व २०१ वर्षांचे. घडलेल्या प्रसंगांचा पुरावा म्हणून इतक्या उशिराच्या ग्रंथांवर आम्ही भार टाकणार नाहीं. पण लोकांनीं नाथांस कसें वाचलें याचा पुरावा म्हणून चरित्रपरंपरेस तोड नाहीं. काशीची कावड रामेश्वरास नेतांना वाळवंटांत तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखांत नाथांनीं गंगोदक ओतलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळूंतून महाराचें मूल त्यांनीं उचलून घेतलें, हीहि ठाऊक आहे. आतां एकोणतिसाव्या अध्यायांतील यादी पुनः पाहावी. चांडाळ आहे, आणि शेवटीं गाढव आहे. कथांनीं प्राणी कोठून निवडले हें आणखी सांगावयास नको. (गधेगाळीच्या दगडावर ज्याचें नांव शापास लागतें त्याच प्राण्यापुढें दंडवत पडण्याची आज्ञा येथें आहे, आपल्या पुराणवस्तूंत असा विरोध विरळा.)

कावडीच्या कथेंत त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे. तें पाणी अर्चेचें आहे. तें एका स्थिर लिंगाच्या अभिषेकासाठीं निघालेलें आहे, आणि वाटेंत त्याचा विनियोग बदलतो. पहिल्या पक्षाच्या अर्थानें कथा रचली असती तर नाथ म्हणाले असते कीं मूर्तीस पाण्याची गरजच काय. कथेंतील नाथ तसें म्हणत नाहींत. रामेश्वर येथेंच भेटला, पाणी पोंचलें, असाच त्या कथेचा भाव आहे. अभिषेक रद्द झाला नाहीं, तो झाला. भक्तानें श्रद्धेनें दिलेलें नुसतें पाणी, आणि सर्व भूतांत असलेला मी, हीं सत्ताविसाव्या अध्यायांतील दोन वाक्यें एका प्रसंगांत बसविणारा कोणी अज्ञात कथेकरी हा आमच्या मतें त्या अध्यायाचा फार चांगला टीकाकार होता. आणि हेंहि विसरूं नये कीं हे नाथ भानुदासांच्या कुळांतले. विजयनगरास गेलेली विठ्ठलाची मूर्ति ज्यांनीं पंढरीस परत आणली अशी परंपरा सांगते, त्या भानुदासांचे पणतू. अशा घरांत मूर्ति ही टाकावयाची पायरी होऊं शकत नव्हती.

ज्ञानोत्तर पूजेचा हा विचार नाथांपूर्वीं मराठींत नव्हता असें नाहीं. ज्ञानेश्वरांनीं ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणांत अकृत्रिम भक्ति सांगतांना कोरीव लेण्याचा दृष्टांत घेतला आहे : तेथें देव, मंदिर आणि सेवक हे तिन्ही एकाच खडकाचे असतात, तरी सेवा दिसतेच. गोदातीराहून वेरूळ दूर नाहीं. अद्वैत झालें म्हणून उपचार लटके होत नाहींत, हें त्या खडकाकडे पाहून जितकें पटतें तितकें तर्कानें पटत नाहीं. नाथांनीं भागवतावर लिहितांना ही वाट नवी पाडली नाहीं. तिच्यावरून चालून ते मूळ श्लोकांपर्यंत परत गेले.

मोक्षाविषयीं एक शंका उरते. सत्ताविसाव्या अध्यायाची फलश्रुति ‘समता’ देते, उद्धव कर्मबंधापासून सुटका मागतो. मग पूजेचें अखेरचें फळ मोक्ष कीं आणखी कांहीं? याचें उत्तर विसाव्या अध्यायांत आधींच देऊन ठेवलें आहे. माझे एकांतिक भक्त मीं दिलेलें कैवल्य आणि अपुनर्भवहि इच्छीत नाहींत, असें तेथें म्हटलें आहे. ज्यास मोक्ष दिला तरी नको त्याच्यापुढें ‘मोक्ष होईपर्यंत पूजा’ ही मुदत ठेवून उपयोग काय? तो मुदतीचा धनीच नव्हे. मुदत लावणारे आणि विधीवर थांबणारे, दोघेहि पूजेस कशाचें तरी मोल म्हणून पाहतात. एकाचें मोल ज्ञान, दुसऱ्याचें पुण्य. ग्रंथ मध्यें म्हणतो निरपेक्ष.

शेवटचा पुरावा ग्रंथांतील कथाभागाचा आहे, आणि त्याकडे अर्थनिर्णय करणाऱ्यांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. सातव्या अध्यायापासून एकोणतिसाव्यापर्यंत उद्धवास सांगावयाचें तें सर्व सांगून झालें. कर्म, योग, सांख्य, भक्ति, अर्चा, ब्रह्मज्ञान, कांहीं उरलें नाहीं. मोह गेला असें तो स्वतः कबूल करतो. भगवान् त्यास बदरिकाश्रमास जाण्याची आज्ञा देतात. तो प्रदक्षिणा करतो, निघवत नाहीं म्हणून रडतो, आणि स्वामींच्या पादुका मस्तकावर धारण करून पुनः पुनः नमस्कार करीत निघतो. ज्ञान पूर्ण झालेल्या शिष्याच्या हातीं भागवतकारानें काय दिलें तें येथें दिसतें : पूजेची वस्तु. बदरीस जातांना त्याच्याजवळ दुसरें कांहीं असल्याचा उल्लेख नाहीं. हा श्लोक एकोणतिसाव्या अध्यायाच्या अगदीं शेवटीं, समाप्तीस तीन-चार श्लोक उरले असतां येतो. सुट्या अध्यायांच्या पोथ्यांत शेवटचें पान बहुधा आधीं जातें; तें ज्यांच्या संग्रहांत शाबूत असेल त्यांनीं तेवढें उघडून पाहावें.